भोपळा कोणत्या रजिस्टरात?

आमच्या पुरुषोत्तमनगरात संशोधन या शब्दाला फार वजन आहे, आणि ते वजन टनात मोजतात. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या सावलीतलं हे गाव. इथल्या पोराला बाराखडी नंतर येते, को ८६०३२ हे उसाच्या वाणाचं नाव आधी येतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून नवा वाण निघाला की त्याची चर्चा लग्नाच्या पंगतीतसुद्धा होते. एकरी टन किती, उतारा किती, तुरा लवकर येतो का, वगैरे. त्यामुळे 'मी विद्यापीठात संशोधन करतो' असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या काकांनी मला मानानं ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं,

"कोणत्या पिकात?"

"संगीतात, काका."

काकांची बशी ओठापर्यंत गेली होती, ती तिथंच थांबली. "संगीतात? का रे, काय हरवलंय त्यातलं?"

मी त्यांना श्रुती, स्वर, लय, लोकसंगीत, सगळं समजावून सांगितलं. काका भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सापडेल, सापडेल. घाबरू नको." या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सुट्टीला गावी आलो, की मी एसटीतून पिशवी घेऊन उतरायच्या आत लांबून हाक येते, "सापडनं का भो?"

आता काकांना कसं सांगू, की संगीत विभागात सापडायला सगळ्यात अवघड गोष्ट जर कोणती असेल, तर ते संगीत.

मी ज्या विद्यापीठात शिकवतो त्याचं नाव घेत नाही. येत्या जूनमध्ये मला तिथंच पुन्हा मुलाखतीला उभं राहायचंय. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. या जमातीला महाराष्ट्रात सीएचबी म्हणतात. ख्यालात गवई विलंबित लयीत पाय पसरून बसतो, तसा सीएचबीवाला बसू शकत नाही. त्याला पैसे तासावर मिळतात, आणि षड्ज लागेपर्यंत तास संपतो. दरवर्षी जूनमध्ये आमची मुलाखत होते. गेल्या वर्षी मुलाखत घेणाऱ्या तज्ज्ञांना आत नेऊन बसवण्यापासून त्यांना चहा देण्यापर्यंतची सगळी कामं मीच केली आणि मग बाहेर येऊन स्वतःचं नाव पुकारलं जायची वाट बघत बसलो.

आमच्या विभागाचं वेळापत्रक वाणिज्य शाखेचे एक सर बनवतात. माणूस काटेकोर. त्यांनी भैरव दुपारी साडेतीनला टाकला आणि दरबारी कानडा सकाळी साडेसातला. मी भीतभीत गेलो.

"सर, भैरव सकाळचा राग आहे."

"सकाळी हॉलमध्ये एनएसएस आहे."

"आणि दरबारी मध्यरात्रीचा."

"मध्यरात्री वॉचमन कुलूप लावतो." सरांनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही रागांना जरा ॲडजस्ट करायला सांगा ना. आमच्या कॉस्टिंगच्या मुलांनी कधी तक्रार केली?"

मार्चमध्ये मल्हार शिकवायची वेळ आली, तेव्हा तर मैदानात स्नेहसंमेलनाचा मांडव पडला होता. कुणीतरी सरांच्या कानावर घातलं, की हा राग गायला की पाऊस पडतो. सर विज्ञाननिष्ठ आहेत, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मांडव भाड्याचा होता. संध्याकाळी मला लेखी सूचना आली: मल्हार पुढील आदेशापर्यंत स्थगित.

पण माझं खरं दुखणं तंबोऱ्याचं. ते जरा सविस्तर सांगतो.

विभागातला जुना तंबोरा फुटला. भोपळ्यालाच तडा गेला. नवा हवा. तंबोरा म्हटलं की मिरज, यात दुमत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरच्या बाजूचा जाड पाठीचा भोपळा आणायचा, वाळवायचा, भिजवून कापायचा, त्याला आकार द्यायचा, गळा जोडायचा, नि शेवटी कारागिरानं घोडीवर कान लावून जवारी काढायची. काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या हेच काम चालतं. मी हे सगळं प्रस्तावात भक्तिभावानं लिहिलं. इथंच चूक झाली. भांडार विभागातल्या भाऊसाहेबांनी प्रस्ताव वाचता वाचता एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"भोपळा."

"भोपळा कोणत्या रजिस्टरात घ्यायचा?"

"तंबोऱ्याचा भाग आहे तो. डेड स्टॉकमध्ये."

"भोपळा फळभाजीत येतो. फळभाजी डेड स्टॉकमध्ये जात नाही, सर. ती कन्झ्युमेबल. सहा महिन्यांत संपल्याचं दाखवावं लागतं."

"पण वाळवलेला आहे."

"पापडही वाळवलेलाच असतो."

याला उत्तर नव्हतं. लहानपणी गणितात मला भोपळा मिळे तेव्हा वडील म्हणत, पुढे आयुष्यात हा तुझा पाठलाग करील. वडिलांची वाणी. शेवटी तडजोड निघाली, भोपळ्याशिवायच्या तंबोऱ्याला तत्त्वतः मंजुरी. मग तीन दरपत्रकं. सगळ्यात कमी दर ज्यांचा होता ते पुरवठादार विद्यापीठाला बाकं पुरवत असत. चार महिन्यांनी टेम्पो आला. त्यांनी पाठवलेल्या तंबोऱ्याला चार तारा नव्हत्या, चार पाय होते. डेड स्टॉकला त्याची तंबोरा म्हणून नोंद आहे. आम्ही त्यावर हजेरीपट ठेवतो.

सध्या मी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर शिकवतो. सूर एकदम पक्का. फक्त मधेच कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या बाईंचा फोन येतो. माझ्या विद्यार्थ्यांना आता इतकी सवय झाली आहे, की ती रिंग वाजली की ते हमखास समेवर येतात.

असो. शिकवणं ही दुय्यम गोष्ट. विद्यापीठात माणूस मोजला जातो तो एपीआयवर, म्हणजे शोधनिबंध, चर्चासत्रं, प्रमाणपत्रं यांच्या गुणांवर. म्हणून मीही चर्चासत्रांना जातो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांनी सांगितलेली स्वतःची ओळख, एवढं झाल्यावर निबंधवाचनाला प्रत्येकी पाच मिनिटं उरतात. एकदा मी एका तानेचा मुद्दा मांडताना न राहवून ती तान घेतली. अध्यक्षांनी घंटी वाजवली. म्हणाले, "गाण्याला माझा विरोध नाही, पण हे संगीताचं चर्चासत्र आहे. इथं गाऊ नका."

मग मी शोधनिबंधांकडे वळलो. विषय घरचाच घेतला. गळीत हंगामात कारखान्याचा भोंगा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. हा भोंगा कोणत्या सुरात वाजतो? एका डिसेंबरात मी ओट्यावर मोबाइल धरून बसलो आणि मोजला. तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मध्ये निघाला. म्हणजे माझ्या कानात लहानपणापासून जो षड्ज भरवला गेला, तो पेटीवर नाहीच! मी ज्याला माझा बेसूरपणा समजत होतो ती माझी प्रादेशिक अस्मिता होती. दणदणीत निबंध लिहिला. परीक्षकांचा अभिप्राय आला: नमुन्यांची संख्या अपुरी, आणखी किमान चाळीस कारखान्यांचे भोंगे तपासावेत, तसेच भोंग्याचे घराणे स्पष्ट करावे.

दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेला मी पहिलाच नाही, हे मात्र वाचनात आलं आणि बरं वाटलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारा मोजून मोजून २२ श्रुतींचा हिशेब मांडला, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गळा मोजायला मिळवला, आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक छापलं. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस साहेब त्या नादाला लागले आणि त्यांनी २२ श्रुतींची पेटीच करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा या श्रुतींवरून आणि पेटीवरून विद्वानांत चांगलीच जुंपली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीलाच बंदी घातली आणि पुढची तीसेक वर्षं ती उठवली नाही. एका पेटीसाठी इतकी माणसं इतकी वर्षं भांडू शकतात, हे संगीताच्या प्राध्यापकाला फार दिलासा देणारं आहे.

त्या काळी एपीआय नव्हता हे या मंडळींचं नशीब. भातखंडे पेशानं वकील. रागांच्या मागे देश पालथा घातला, उस्तादांच्या विनवण्या करून चिजा मिळवल्या, दहा थाट मांडले, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. पण नेट परीक्षा पास नाही! आज अर्ज केला असता तर छाननीतच बाद. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथंही भाऊसाहेबांनी विचारलं असतं, की तंबोरे कोणत्या हेडखाली घेतले?

एका बाबतीत मात्र भातखंडे आमच्या शंभर वर्षं पुढे होते. त्यांनी संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिलं ते चतुर पंडित या नावानं. मग मराठीत 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' लिहिली ती विष्णुशर्मा या नावानं, आणि त्यात हे विष्णुशर्मा त्या चतुर पंडितांच्या ग्रंथाचा मोठ्या आदरानं हवाला देतात. आज आम्ही एकमेकांना फोन करून 'तू माझा निबंध उद्धृत कर, मी तुझा करतो' अशी उसनवारी करतो. त्यांना फोनसुद्धा करावा लागला नाही.

माझा प्रबंध अखेर साडेतीनशे पानांचा झाला आणि ग्रंथालयाच्या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. नियम २०१८ चा: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. माझ्या प्रबंधाचा आकडा आला सत्त्याऐंशी. मी हादरलो. आयुष्यात मी इतरांच्या ताना चोरल्या आहेत, नाही म्हणत नाही, पण त्यासुद्धा धड चोरता आल्या नाहीत. ग्रंथपालांनी लाल रंगानं माखलेली पानं माझ्यापुढे ठेवली.

"हे बघा. 'सा रे ग म प ध नी'. हे पान सोळा, पान बावीस, पान तेवीस... हे याआधी लाखो ठिकाणी आलेलं आहे."

"अहो, ते स्वर आहेत!"

"असतील. पण तुमचे नाहीत."

"ते कुणाचेच नाहीत."

"मग संदर्भ द्या. मूळ लेखक कोण?"

नियमात अशा सर्वसाधारण गोष्टींना सूट आहे, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, यंत्राला नियम ठाऊक नाहीत, यंत्राला सा ठाऊक आहे. मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांच्याकडे त्या दिवशी तीन समित्या होत्या. त्यांनी न बघताच सांगितलं, "स्वतःच्या शब्दांत लिहा." रात्रभर बसून मी यमनचा आरोह स्वतःच्या शब्दांत लिहिला. 'प्रथम खालून दुसऱ्या पायरीवर जावे, मग तिसऱ्या, मग चौथ्या पायरीवर किंचित तीव्र पाऊल टाकावे...' साम्य नऊ टक्क्यांवर आलं. आता तो प्रबंध वाचून कुणालाही यमन गाता येणार नाही, पण माडी चढता येईल.

या काळात मी गावी गेलो, तेव्हा वडिलांना तोंड दाखवणं जड गेलं. वडील कारखान्यात पॅनमन होते. पॅनमध्ये पाक उकळत असतो आणि त्यात साखरेचा दाणा नेमका केव्हा धरला, ते ओळखणं हे त्यांचं काम. मीटर असायचं, पण वडील त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत. सळईनं नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर थेंब पसरायचा, पट्टी दिव्यासमोर धरायची, बोट फिरवायचं. दाणा एकसारखा आहे का, बारीक चुरा झालाय का, हे दोन क्षणांत कळे. त्यांच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक अजून गुळगुळीत आहे.

मी संध्याकाळी ओट्यावर तान घोकत होतो. गुरुजी आठ वर्षं एकच सांगत आले होते: तान दाणेदार नाही. वडील आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. तान संपल्यावर म्हणाले, "दाणा मोडलाय. घाईनं उतरवलीस."

"म्हणजे?"

"पाक नीट पिकू द्यायचा. तू वाफ जास्त सोडतोयस." थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुझे ते गाइड कधी पॅनवर होते का?"

नव्हते. तेच तर.

शेवटी ठरवलं, आता प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. होळीला काठीला जायचं. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी ही सातपुड्यातली मोठी मानाची होळी. रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. मी शहादा, तळोदा, अक्कलकुवा करत घाट चढलो. सोबत रेकॉर्डर, जादा सेल, बिस्किटांचे दोन पुडे आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं मंजूर केलेली संमतीपत्रं, तीन प्रतींत.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चहूबाजूंच्या पाड्यांवरून माणसं येत होती. एकेका ढोलाला दोघांनी हात लावावा एवढा आकार. आणि त्यात ते बुध्या, होळीचा नेम धरून नाचणारे. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि...

कमरेला भोपळे! वाळलेले, चांगले टणटणीत, ओळीनं बांधलेले. बुध्या उडी मारी तेव्हा भोपळे एकमेकांवर आपटत आणि ठोका ढोलाच्या ठोक्यात चपखल बसे. मी भारावलो. या भोपळ्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात नव्हती आणि ते वाजत होते.

मी एका तरुण बुध्याला बाजूला गाठलं, पेन पुढे केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "भाऊ... मी... अभ्यास... करतो. इथं... सही... लागते." त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि संमतीपत्र पहिल्या ओळीपासून वाचलं.

"सर, इथं 'माहितीदारास विषय समजावून सांगितला आहे' असं छापलंय. तुम्ही अजून सांगितलेला नाही."

"हो, ते..."

"आणि हे 'नमुना क्रमांक एक' म्हणजे मी का?"

"तसं म्हणता येईल..."

"दुरुस्त करा." त्यानं पेन परत दिलं. "विषय काय? 'काठीच्या होळीतील लयतत्त्वाचा चिकित्सक अभ्यास' असंच काहीतरी ना? सॉफ्टवेअर किती टक्के दाखवतंय?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो हसला. "मी मराठीत नेट आहे, सर. सीएचबीवर आहे एका कॉलेजात. चौथं वर्ष." मोरपिसांचा टोप डोलला. "जूनमध्ये मुलाखत."

आम्ही दोघं थोडा वेळ तसेच उभे होतो. मग ढोलानं नवा ठेका धरला. होळीच्या दिवसांत बुध्या कडक नेम पाळतात, त्याला माझ्या बिस्किटाला हातसुद्धा लावता येत नव्हता. तो निघता निघता म्हणाला, "आता पहाटेपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या हिशेबानं किती तासिका धरतील बघा."

रात्रभर मी मात्रा मोजत होतो. दर वेळी वेगळा आकडा येई. सोळा, चौदा, एकदा तर साडेएकोणीस. एक म्हातारे ढोलवाले बराच वेळ माझी मोजणारी बोटं बघत होते, अखेर काळजीनं जवळ आले आणि विचारलं, "पैसे हरवले का?"

तुम्हीही? मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला गोलात ढकललं. त्यानंतरचं मला मोजता आलं नाही, कारण दोन्ही हात दोन बाजूच्या माणसांच्या कमरेत अडकले होते. पहाटे होळी पेटली. उजाडल्यावर रेकॉर्डर बघितला, तर त्यावर एकूण चार मिनिटं. त्यातली तीन मिनिटं मी स्वतःशी बोलतोय: "चालू आहे का हे? लाल दिवा म्हणजे चालू की बंद?" उरलेल्या एका मिनिटात बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आहे, अतिशय स्वच्छ.

तेवढीच चार मिनिटं लिहून काढून मी परिशिष्टात जोडली. ते परिशिष्ट सॉफ्टवेअरमध्ये गेलं आणि साम्य आलं शून्य टक्के. अशी चार मिनिटं जगात कुणीच कधी लिहिलेली नव्हती. मार्गदर्शकांनी पहिल्यांदा उठून हात मिळवला. "शून्य! भोपळा! अभिनंदन!"

परत येताना नमुना क्रमांक एकनं, माफ करा, त्या प्राध्यापकांनी घरातला एक जादा वाळका भोपळा मला दिला होता. तो मी विभागात नेला. भाऊसाहेबांनी बाहेरून आलेली वस्तू म्हणून नियमाप्रमाणे कन्झ्युमेबलमध्ये चढवला, आणि सहा महिन्यांनी विचारायला आले, संपला का? मी लिहून दिलं, 'सदर भोपळा संशोधनकार्यात पूर्णतः वापरण्यात आला आहे.' सही, शिक्का, आवक-जावक क्रमांक. आणि भोपळा पिशवीत घालून गावी निघालो.

एसटीतून उतरतोय तोच हाक आली. "सापडनं का भो?"

मी पिशवीतून भोपळा काढला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी तो तळहातावर तोलला, टिचकी मारली, कानाशी नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या.

"बी चांगलं शे," ते म्हणाले. "बांधवर लाई देऊ का?"

कागदोपत्री तो भोपळा मी केव्हाच संपवला होता. मी म्हटलं, लावा.